मांजरीहून येणारा ब्राउनीचा डबा

रविवारी संध्याकाळी माझी मुलगी मांजरीहून परत यायची, दारात चपला भिरकावायची आणि पाठीवरची सॅक सोफ्यावर टाकायची. सॅकमधून कपड्यांच्या आधी डबा निघायचा. स्टीलचा, चौकोनी, झाकणाला दोन्ही बाजूंनी क्लिपा असलेला. त्यात ब्राउन्या असायच्या.

पुण्याच्या पार टोकाला, मांजरी गावात तिचा बाबा राहतो. आमचा घटस्फोट झाला तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. मी तिला घेऊन सदाशिव पेठेत आईच्या फ्लॅटवर आले. त्याने पुढे दुसरं लग्न केलं आणि मांजरीला उसाच्या शेतांशेजारी उभ्या राहिलेल्या एका नव्या टॉवरमध्ये घर घेतलं. आठवडाभर मुलगी माझ्याकडे, शनिवार-रविवार त्याच्याकडे. तिला घ्यायला आणि सोडायला तो गाडी घेऊन यायचा, कोपऱ्यावरच्या केमिस्टपाशी थांबायचा. वर कधी आला नाही. मीही कधी खाली गेले नाही.

त्या घराबद्दल मुलीला काही विचारायचं नाही, असा नियम मी पहिल्यापासून पाळला होता. काय जेवलात, कुठे गेलात, ती काय म्हणाली, काही नाही. त्याची दुसरी बायको म्हणजे माझ्या तोंडी नुसती ‘ती’, आणि तेही मनातल्या मनात. मला माझ्या या नियमाचा अभिमान होता. माणसाला अभिमान वाटायला काहीतरी लागतंच.

डबा पहिल्यांदा आला तेव्हा मी तो घासून, पुसून, पुढच्या शनिवारसाठी सॅकमध्ये ठेवून दिला. आईने तो काढून ओट्यावर आणला.

“रिकामा डबा परत द्यायचा नसतो,” ती म्हणाली.

“आई, हा डबा कुणाकडचा आहे ते माहितीये ना तुला?”

“डब्याला कुठे माहितीये?” असं म्हणून तिने त्यात चकल्या भरल्या.

आई सत्तरीच्या पुढची आहे. तिच्यापुढे वाद घालायला जो उत्साह लागतो तो माझ्यात संध्याकाळी सातनंतर उरत नाही. मी एका इन्शुरन्सच्या ऑफिसात क्लेम तपासते. म्हणजे दिवसभर लोकांना सभ्य भाषेत ‘नाही’ म्हणते. घरी आल्यावर निदान कुणाला तरी ‘बरं’ म्हणावं, एवढीच इच्छा असते. म्हणून मी बरं म्हटलं. आणि मग तो डबा दर आठवड्याला फिरायला लागला. तिकडून ब्राउन्या यायच्या, इकडून शंकरपाळे, कडबोळी, कधी नुसताच गूळ-शेंगदाणे.

“एक खाऊन बघ ना, आई,” मुलगी म्हणायची.

“मला नको. मला चॉकलेट फारसं आवडत नाही,” मी म्हणायचे. हे साफ खोटं होतं.

ब्राउन्यांमध्ये अंडं असायचं, त्यामुळे भरलेला डबा स्वयंपाकघरात येऊ शकत नव्हता; घासून झाला की मगच ओट्यावर. आमच्याकडे अंड्याची भांडी गॅलरीत असतात. वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर एक तवा, एक पातेलं, एक वाडगा, दोन ताटल्या आणि त्यांची वेगळी घासणी. मुलीला ऑम्लेट लागतं म्हणून आईने ही सोय स्वतःच करून दिली होती, आणि तिच्या मते हा तिचा फार मोठा पुरोगामीपणा होता. त्या फळीवर ब्राउनीच्या डब्याला जागा मिळाली. मुलगी शाळेतून आली की गॅलरीत उभी राहून, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे, एकेक तुकडा खायची. खाताना डोळे मिटायची. मी ते आतून बघायचे.

ती दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी गॅलरीत कपडे काढत होते. ती दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आई, अकरावीला मी बाबाकडे राहिले तर?”

मी पुढच्या टॉवेलचे चिमटे काढले.

“म्हणजे नक्की नाहीये अजून. तिकडे कॉलेज जवळ पडेल. आणि तिकडे मला माझी खोली आहे. इथे मी हॉलमध्ये झोपते, आजी पाचला उठते, मिक्सर लावते... मी रिझल्टपर्यंत विचार करते, ओके?”

“कर,” मी म्हणाले, आणि सगळे कपडे काढून आत आणले. अर्धे ओलेच होते.

खोली काही मी तिला देऊ शकत नव्हते. या फ्लॅटच्या भिंती जिथे आहेत तिथेच राहणार. आईची पाचची वेळ हलणार नाही, मिक्सरचा आवाज कमी होणार नाही, माझं ऑफिस सुटणार नाही. मग मला काय करता येण्यासारखं होतं? ब्राउनी. शेवटी मैदा, साखर, लोणी आणि कोको. ‘तिला’ जमतं तर मला का जमू नये? कुणालाही हसू येईल. मला आता येतं. तेव्हा मी फार गंभीर होते.

रविवार पेठेत केकच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथे शनिवारी दुपारी गेले. मुलगी मांजरीला असताना सगळं शिकायचं आणि ती आली की समोर ठेवायचं, असा माझा बेत होता. काउंटरवरच्या गृहस्थांना म्हटलं, ब्राउनीसाठी चॉकलेट पावडर द्या.

“कोको की चॉकलेट पावडर?”

“दोन्हीत फरक काय?”

“एकाची ब्राउनी होते, एक दुधात घालून पितात,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “आपल्याला काय करायचंय ते घरी ठरवून या. दुकान आठपर्यंत उघडं आहे.”

मी कोको घेतली.

पहिली ब्राउनी आईच्या देखरेखीखाली झाली, म्हणजे स्वयंपाकघरात, म्हणजे बिनअंड्याची. आई माझ्या लहानपणी कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी काढून, त्यावर डबा ठेवून केक करायची. तोच प्रकार. दही, कणीक, पिठीसाखर, कोको. आईने शेवटी सुरी खुपसून बघितली, ओली निघाली, पुन्हा झाकण लावलं. पुन्हा बघितली. “सुरी कोरडी निघेस्तोवर हलायचं नाही,” हे मी तिच्याकडून ढोकळ्याच्या वेळीही ऐकलंय आणि रव्याच्या केकच्या वेळीही. आमच्या घरात कच्चं राहणं ही सगळ्यात मोठी नाचक्की. करपलेलं एक वेळ खरपूस म्हणून खपतं.

रविवारी मुलीने खाल्ली. “छान झालाय,” म्हणाली. “केक छान झालाय.”

त्या एका शब्दाने मी आठवडाभर आतल्या आत धुमसत होते. दुसऱ्या खेपेला कंडेन्स्ड मिल्क घातलं. फार गोड झाली. आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, “बर्फी म्हणून बरी आहे.” तिसऱ्या खेपेला कणकेऐवजी मैदा आणि वर अक्रोड. अक्रोड चांगले होते.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अगं, अंड्याशिवाय काय ब्राउनी करतेस, वर तो चकचकीत पापुद्रा कसा येणार? तिच्याकडे एक छोटा ओव्हन नुसता पडून होता. तो मी रिक्षात मांडीवर घेऊन आणला. आईने दारातच विचारलं, “ह्याच्यात अंडं जाणार का?” मी हो म्हटलं. मग ओव्हनचीही रवानगी गॅलरीत झाली. वॉशिंग मशीनवर ओव्हन, हॉलमधून ओढून आणलेली एक्स्टेंशनची वायर, डोक्यावर वाळणारे टॉवेल, आणि मे महिन्याची दुपार. समोरच्या इमारतीतल्या काकू त्यांच्या गॅलरीत तुळशीला पाणी घालता घालता विचारायच्या, “ऑर्डरी घेताय का?” मी म्हणायचे, नाही हो, घरच्यासाठीच. त्यांना ते पटायचं नाही. एवढा घाम माणूस घरच्यासाठी कशाला गाळेल.

व्हिडिओत जे सांगतात ते सगळं मी करून बघितलं. कुणी म्हणालं, चमचाभर कॉफी घाला. घातली. कुणी म्हणालं, लोणी जरा लाल होऊ द्या. केलं. दर शनिवारी दुपारी मी गॅलरीतल्या पातेल्यात चॉकलेट वितळवत उभी असायचे आणि मनात ‘तिच्याशी’ भांडत असायचे. तुला काय, मोठं किचन आहे, ओट्यावर जागा आहे, कुणी अंड्याचं पातेलं वेगळं ठेवायला सांगत नाही. माझी मुलगी आहे, तिला जन्म मी दिलाय, तिच्या तापात मी जागलेय, आणि तू आयत्या वेळी येऊन चॉकलेट भरवतेस. असं बरंच. ती बाई मी एकदाच दुरून बघितली होती. तिचा चेहराही मला नीट आठवत नव्हता, त्यामुळे भांडायला सोपं जायचं.

निकाल जवळ आला तेव्हा मी अगदी थकून गेले होते. हात दुखायचे, ऑफिसात डोळे मिटायचे, आणि फ्रिजमध्ये कायम कुठली तरी फसलेली ब्राउनी पडलेली असायची. नाही, फ्रिजमध्ये नाही. अंड्याची म्हणून तीही गॅलरीतच, आणि उन्हाने आणखी वाळून जायची.

त्या रविवारची ब्राउनी मात्र मला स्वतःला चांगली वाटली होती. वर पापुद्रा आला होता. मुलगी आली, तिने तिचा डबा फळीवर ठेवला आणि माझी ब्राउनी उचलून दाताने तोडली. मी ताटली हातात धरून दाराला टेकून उभी होते.

“चव मस्त आहे,” ती म्हणाली. “पण सुकी झालीये. आई, तू सुरी कोरडी निघेपर्यंत आत ठेवतेस ना? बाबा म्हणतो, सगळे तिथेच चुकतात.”

“बाबा म्हणतो?”

“हो. तोही आधी असंच करायचा. त्याच्या पहिल्या पहिल्या तर आम्ही फेकूनच दिल्या होत्या. सिरियसली, वीट होती वीट.”

“त्याच्या?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “मग कोणाच्या? बाबाच करतो ना. तिला नाही येत काही बेकिंग-बिकिंग. ती शनिवारी अर्धा दिवस कॉलवर असते.”

“तू कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलंस?”

मी खरंच विचारलं नव्हतं.

हा माणूस माझ्याबरोबर राहत होता तेव्हा दूध उतू जायला लागलं की हॉलमधून हाक मारून सांगायचा, “दूध उतू जातंय.” गॅसपासून तो दोन पावलांवर असायचा आणि मी बाथरूममध्ये. तरी हाक मलाच. त्याच्या हाताला गॅसचं बटण लागत नाही, अशी माझी समजूत त्याने करून दिली होती आणि मी ती करून घेतली होती. आणि आता हा मनुष्य अंडी फेटत होता. पहिल्या फसल्या तर फेकून देऊन पुन्हा करत होता. म्हणजे येत होतं त्याला. येऊ शकत होतं. मला इतका राग आला की मला हातातली ताटली खाली ठेवावी लागली. आणि ज्या बाईशी मी उन्हाळाभर भांडले, तिने कोकोचा डबा उघडलाही नव्हता. तिची माफी मागायला हवी होती, पण ते तिला कळवणार कसं आणि सांगणार काय.

मुलगी आत गेल्यावर मी फळीवरचा डबा उघडला आणि त्याची ब्राउनी पहिल्यांदा खाल्ली. चांगली होती. वरचा पापुद्रा कागदासारखा पातळ, आतून ओलसर, मध्ये कुठेतरी किंचित मीठ. मी उभ्या उभ्या दोन संपवल्या आणि बोटं चाटली.

नंतर मी तिला कृती विचारली. तिकडच्या घराबद्दलचा माझा हा पहिलाच प्रश्न. ती खुश झाली, ओट्यावर चढून बसली आणि सांगायला लागली. साखर आणि अंडी खूप वेळ फेटायची, हात भरून येईपर्यंत. लोणी गरम असतानाच ओतायचं. सुरीला थोडं लागून येत असतानाच बाहेर काढायचं. “आणि मग मेन म्हणजे कापायचं नाही. पूर्ण गार होऊ द्यायचं. बाबा हातच लावू देत नाही. तेवढा वेळ आम्ही किचनमध्ये खाली बसतो आणि गप्पा मारतो. फोन पण नाही हं. म्हणजे मी ठेवते लांब.”

“कसल्या गप्पा?”

“असंच. काहीही. शाळेतलं. त्याच्या ऑफिसमधलं. एकदा तो रडला पण होता. जाऊ दे.”

मी जाऊ दिलं. माझ्या ब्राउन्या कशा व्हायच्या? ती घरात नसताना. ती यायच्या आत कापून, ताटलीत मांडून तयार. तिने फक्त खायचं आणि सांगायचं, तुझी चांगली की तिकडची. रविवारी संध्याकाळी ती घरी येऊन टेकते न टेकते तोच मी तिच्यापुढे परीक्षेचा पेपर ठेवत होते. दहावीचे सगळे पेपर देऊन झाले होते बिचारीचे, हे आणखी एक.

निकाल चांगला लागला. ती तिकडे जायचं म्हणाली. सांगताना रडली. मी नाही रडले. मी म्हटलं, ठीक आहे, शनिवार-रविवार इकडे ये. आवाज नीट आला माझा. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. आई बाहेरून म्हणाली, “पाणी वाया जातंय.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “बाहेर ये, चहा टाकलाय.”

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती गेली, तेव्हा आईने माळ्यावरून आमचा एक डबा काढला, गोल, पितळी कडीचा, आणि शंकरपाळे भरून तिच्याबरोबर दिला. “त्यांचा डबा त्यांना देऊन टाक,” म्हणाली. “हा आपला आहे. परत आण.”

तो आठवडा मी कसा काढला ते लिहिण्यासारखं नाही. आठवडाभर नुसतंच ऑफिसला येणं-जाणं झालं. गॅलरीतला ओव्हन मैत्रिणीला परत केला. हॉलमधली गादी गुंडाळून ठेवली, तर हॉल केवढा मोठा दिसायला लागला. मला तो तसा नको होता.

शनिवारी सकाळी ती आली. चपला दारात भिरकावल्या, सॅक सोफ्यावर. कपड्यांच्या आधी डबा निघाला, आमचा गोल. त्यात ब्राउन्या होत्या. मी सवयीने तो उचलून गॅलरीकडे निघाले.

“अगं, थांब. अंडं नाहीये,” ती म्हणाली. “मी केल्यात. बाबाने हात नाही लावला. दही घातलंय, तू घालायचीस तसं. आणि सुरी पूर्ण कोरडी निघेपर्यंत ठेवलंय, नाहीतर आजी म्हणेल कच्चं आहे.”

आईने डबा माझ्या हातातून घेतला आणि स्वयंपाकघरात नेला. एक तुकडा वाटीत ठेवून देवापुढे ठेवला, वरून पाणी फिरवलं. आमच्या देवांनी तोवर ब्राउनी बघितली नव्हती. मग आम्ही तिघी टेबलाशी बसून चहाबरोबर खाल्ली. ठणठणीत कोरडी होती, घशाखाली उतरायला चहाच लागत होता. “खरपूस झालीये,” आई म्हणाली आणि दुसरी घेतली. मला रडू आलं. या वेळी नळ वगैरे काही सोडला नाही. मुलीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने खात राहिली.

रविवारी संध्याकाळी ती निघायच्या तयारीत होती. तिने डबा स्वतःच विसळून सॅकमध्ये कोंबला.

“रिकामा न्यायचा नसतो,” मी म्हणाले.

“आई, बाबा खाली येऊन थांबलाय.”

“थांबू दे.”

घरात दिवसभरात काही केलेलं नव्हतं. मी पातळ पोहे भाजायला घेतले. शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, मिरच्या, कढीपत्ता. फोडणी दिली, पोहे परतले, मोठ्या परातीत पसरले. गरम चिवडा डब्यात भरून झाकण लावलं तर वाफ धरते आणि सगळा मऊ पडतो, हे तिला माहीत आहे. ती परातीकडे बघत ओट्यावर चढून बसली. फोन काढला, “बाबा, अरे चिवडा गार होतोय, वेळ लागेल,” एवढं सांगितलं आणि फोन लांब फ्रिजवर ठेवून दिला.

“आई, तुला एक सांगायचं होतं,” ती म्हणाली. “कॉलेजमध्ये ना, अजून कोणी बोलतच नाही माझ्याशी.”

मी तिच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिले. परातीतून वाफ येत होती. पंखा लावला असता तर चिवडा लवकर गार झाला असता. मी पंखा लावला नाही.